सहा अंकी संख्येची पूर्ण उकल: खान्देशातल्या पाच पिनकोडांवर टप्प्याटप्प्याने

जळगावचा पिनकोड ४२५००१. ही संख्या मूळ आहे का, असं विचारलं की एक उत्तर लगेच येतं: "शेवटी १ आहे, म्हणजे मूळ." ते साफ चूक, कारण अंकांची बेरीज १२ आहे आणि ३ ने भाग जातो. दुसरं उत्तर जास्त फसवं असतं. विद्यार्थी ३ ने भागतो, १४१६६७ मिळवतो, त्याला ७, ११, १३, १७ लावून बघतो, भाग जात नाही म्हणून "उरलेली मूळ" असं लिहून मोकळा होतो. योगायोगाने उत्तर बरोबर येतं. मग हाच विद्यार्थी चाळीसगावचा ४२४१०१ घेतो, ३ ने भागून १४१३६७ मिळवतो, तीच पद्धत लावतो आणि चुकतो, कारण १४१३६७ मूळ नाही.

शिष्यवृत्तीपासून पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेपर्यंत विभाजक किती, त्यांची बेरीज किती, पूर्ण वर्ग करायला कितीने गुणावं, मसावि-लसावि किती, असे प्रश्न येतात. या सगळ्यांची उत्तरं मूळ अवयवांतून निघतात. अवयव चुकले की पुढचं सगळं चुकतं, सूत्रं कितीही पाठ असली तरी. म्हणून इथे बहुतेक जागा अवयव पाडण्याच्या क्रमालाच दिली आहे.

उदाहरणांसाठी पाच पिनकोड घेतले आहेत: नंदुरबार ४२५४१२, भुसावळ ४२५२०१, चाळीसगाव ४२४१०१, जळगाव ४२५००१ आणि धुळे ४२४००१. पाचही ४२ ने सुरू होतात, आकाराने जवळजवळ सारखे आहेत, पण आतून अगदी वेगळे निघतात.

तयारी: आधी मूळ संख्यांची यादी

ही यादी हाताशी नसताना सहा अंकी संख्येला हात घालू नका. यादी ६६० पर्यंत लागते. १ ते ६६० सगळे आकडे लिहून खोडत बसण्याची गरज नाही. २ आणि ३ बाजूला लिहा. मग १ पासून सुरू करून आलटून पालटून ४ आणि २ मिळवत जा: १, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २५… शेवटची संख्या ६५९. अशा बरोबर २२० संख्या होतात. २ आणि ३ च्या पटी यात येतच नाहीत.

आता खोडायला घ्या. आधी १ खोडा, १ मूळ नाही. नंतर ५ च्या पटी २५ पासून, ७ च्या ४९ पासून, ११ च्या १२१ पासून, १३ च्या १६९ पासून, १७ च्या २८९ पासून, १९ च्या ३६१ पासून आणि २३ च्या ५२९ पासून. पुढच्या २९ चा वर्ग ८४१, म्हणजे यादीबाहेर, तिथे थांबायचं.

तपासणी: २ आणि ३ धरून १०० पर्यंत २५ मूळ संख्या असायला हव्यात, २०० पर्यंत ४६, ३०० पर्यंत ६२, ४०० पर्यंत ७८, ५०० पर्यंत ९५, ६०० पर्यंत १०९ आणि ६६० पर्यंत १२०. मोजणी जमली नाही तर त्या शंभरात काहीतरी राहिलं आहे किंवा जास्त खोडलं गेलं आहे.

सावधान: काही संख्या खोडायच्या हमखास राहतात. ९१ (७ × १३), ११९ (७ × १७), १३३ (७ × १९), १४३ (११ × १३), २२१ (१३ × १७), २४७ (१३ × १९), २९९ (१३ × २३), ३२३ (१७ × १९), ३९१ (१७ × २३), ४३७ (१९ × २३), ५२७ (१७ × ३१), ५५१ (१९ × २९), ५८९ (१९ × ३१). यांवर एकदा बोट ठेवून खात्री करून घ्या.

यादीशिवाय पाठकोरे कागद आणि मोबाइलचा साधा कॅल्क्युलेटर पुरे. कॅल्क्युलेटर का फसवतो ते चौथ्या टप्प्यात येईल.

टप्पा १: भागाकाराआधी मर्यादा लिहा

संख्येचे दोन अवयव पाडले तर दोन्ही वर्गमुळापेक्षा मोठे असू शकत नाहीत. तसे असते तर त्यांचा गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. म्हणून वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की काम संपतं, आणि तिथपर्यंत तपासल्याशिवाय संपत नाही.

६५० चा वर्ग ४,२२,५००. त्यात १३०१ मिळवले की ६५१ चा वर्ग ४,२३,८०१. त्यात १३०३ मिळवले की ६५२ चा वर्ग ४,२५,१०४. आणखी १३०५ मिळवले की ६५३ चा वर्ग ४,२६,४०९. म्हणून नंदुरबार आणि भुसावळची मर्यादा ६५२, तर चाळीसगाव, जळगाव आणि धुळ्याची ६५१. ही संख्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात लिहा आणि तिच्याभोवती गोल करा.

मर्यादा न लिहिता सुरुवात करणारा दमेल तिथे थांबतो, आणि दमण्याची जागा बहुधा १७ किंवा १९ असते.

टप्पा २: लहान मूळ संख्यांची चाळणी

२, ३ आणि ५ च्या कसोट्या सगळ्यांना येतात. चुका कसोटीत होत नाहीत, कसोटीचा अर्थ लावताना होतात.

नंदुरबारच्या ४२५४१२ चे शेवटचे दोन अंक १२, म्हणून ४ ने भाग जातो. शेवटचे तीन अंक ४१२, त्यांना ८ ने भाग जात नाही. म्हणजे २ नेमका दोनदा. अंकांची बेरीज १८, म्हणजे ९ ने भाग जातो. इथे बरेच जण "३ दोनदा" असं लिहून पुढे जातात. ९ ने भाग गेला याचा अर्थ ३ किमान दोनदा आहे, एवढाच. भागाकार करून नव्या संख्येची अंकबेरीज पुन्हा बघायची. या संख्येत ३ चार वेळा आहे.

सावधान: अंकबेरीज २७ आली म्हणून २७ ने भाग जातो असं नाही. १८९९ ची अंकबेरीज २७ आहे, पण २७ ने भागल्यावर ९ बाकी राहते.

७, ११ आणि १३ साठी सहा अंकी संख्येला एकच कसोटी पुरते. ७ × ११ × १३ = १००१. संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे करा आणि मोठ्यातून लहान वजा करा. वजाबाकीला ७, ११ किंवा १३ पैकी ज्याने भाग जातो, त्याने दिलेल्या पूर्ण संख्येलाही जातो.

नंदुरबार: ४२५ − ४१२ = १३. म्हणजे १३ ने जातो, ७ आणि ११ ने नाही.
भुसावळ: ४२५ − २०१ = २२४ = ७ × ३२. फक्त ७ ने.
जळगाव: ४२५ − ००१ = ४२४. तिन्हींपैकी कशानेही नाही.
धुळे: ४२४ − ००१ = ४२३. कशानेही नाही.
चाळीसगाव: ४२४ − १०१ = ३२३. कशानेही नाही.

चाळीसगावपाशी जरा थांबा. ३२३ = १७ × १९, म्हणून "१७ ने आणि १९ ने भाग जातो" असं लिहिण्याचा मोह होतो. ही कसोटी १००१ वर उभी आहे आणि १००१ मध्ये १७ किंवा १९ नाहीत. ४२४१०१ ला १७ ने भागलं तर २ बाकी राहते. कसोटी ७, ११, १३ पुरतीच वापरा.

टप्पा ३: उभी मांडणी, आणि प्रत्येक भागाकारानंतर तीन गोष्टी

डावीकडे भाजक, उजवीकडे उरलेली संख्या, आणि तिसऱ्या रकान्यात नवी मर्यादा. हा तिसरा रकाना बहुतेकांच्या वहीत नसतो, आणि वेळ वाचतो तो त्याच्यामुळेच.

प्रत्येक यशस्वी भागाकारानंतर या क्रमाने करा:

१. तोच भाजक पुन्हा लावून बघा.
२. उरलेल्या संख्येची मर्यादा नव्याने काढा.
३. पुढची मूळ संख्या घ्या. आधी नापास झालेल्यांकडे परत जायचं नाही. जी संख्या पूर्णाला भागत नाही, ती तिच्या तुकड्यालाही भागत नाही.

नंदुरबारची मांडणी अशी दिसते:

२ | ४२५४१२ | ६५२
२ | २१२७०६ | ४६१
३ | १०६३५३ | ३२६
३ | ३५४५१ | १८८
३ | ११८१७ | १०८
३ | ३९३९ | ६२
१३ | १३१३ | ३६
१०१ | १०१ | १०

१०१ ची मर्यादा १०, आणि १० च्या आतल्या चारही मूळ संख्या तपासून झाल्या आहेत. म्हणून १०१ मूळ. ६५२ पर्यंत जायची वेळच आली नाही.

४२५४१२ = २ × २ × ३ × ३ × ३ × ३ × १३ × १०१.

आता भुसावळ. ४२५२०१ ला ७ ने भागून ६०७४३ येते, नवी मर्यादा २४६. ७ पुन्हा लावा: ७ × ८६७७ = ६०७३९, बाकी ४, जात नाही. ११ आणि १३ दुसऱ्या टप्प्यात बाद झाले आहेत. १७ ला बाकी २. १९ ने भाग जातो, ३१९७ उरते, मर्यादा ५६. १९ पुन्हा लावला तर बाकी ५. २३ ने भाग जातो, १३९ उरते. १३९ ची मर्यादा ११, तिथपर्यंतचं सगळं झालेलं आहे.

४२५२०१ = ७ × १९ × २३ × १३९.

सावधान: उरलेल्या संख्येऐवजी पूर्ण संख्येलाच पुढचा भाजक लावत राहण्याची चूक फार होते. त्याने उत्तर चुकतंच असं नाही, पण भागाकार मोठे राहतात, मर्यादा कमी होत नाही, आणि एकच अवयव दोनदा असेल तर तो निसटतो.

टप्पा ४: मोठी संख्या उरली तर

जळगावची १४१६६७ आणि चाळीसगावची १४१३६७. फरक फक्त शतकाच्या अंकात. दोन्हींची मर्यादा जवळजवळ सारखी: ३७६ चा वर्ग १,४१,३७६, आणि ३७५ चा वर्ग १,४०,६२५ असल्याने चाळीसगावची मर्यादा ३७५, तर ३७७ चा वर्ग १,४२,१२९ असल्याने जळगावची ३७६. दोन्हींमध्ये शेवटी तपासायची मूळ संख्या ३७३.

लांबलचक भागाकार सुरू करण्याआधी वर्गांच्या वजाबाकीची कसोटी लावा. वर्गमुळाच्या लगेच वरचा पूर्णांक घ्या, त्याच्या वर्गातून संख्या वजा करा. वजाबाकी पूर्ण वर्ग आली तर अवयव हातात आले.

चाळीसगाव: ३७६ च्या वर्गातून १४१३६७ वजा केले, उरले ९. ९ म्हणजे ३ चा वर्ग. म्हणून अवयव ३७६ + ३ आणि ३७६ − ३, म्हणजे ३७९ आणि ३७३. दोन्ही यादीत आहेत, दोन्ही मूळ.

४२४१०१ = ३ × ३७३ × ३७९.

सरळ भागत गेलो असतो तर ३७३ पर्यंत एकही भाग गेला नसता, अगदी शेवटच्या पायरीवर गेला असता. ३०० च्या आसपास कंटाळून "मूळ" लिहिणारा इथे पकडला जातो. ही कसोटी एका ओळीत काम करते, कारण दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळ आहेत. अवयव दूर असले तर मात्र ती फार वेळ खाते, म्हणून चार-पाच प्रयत्नांपुढे जाऊ नका.

जळगावला तीच लावून बघू. ३७७: वजाबाकी ४६२. ३७८: १२१७. ३७९: १९७४. ३८०: २७३३. एकही पूर्ण वर्ग नाही. आता भागाकाराला पर्याय नाही. ३७३ पर्यंतच्या ७४ मूळ संख्यांपैकी २, ३, ५, ७, ११, १३ या सहा बाद (१४१६६७ ची अंकबेरीज २५, म्हणून ३ पुन्हा जात नाही). उरल्या १७ ते ३७३ मधल्या ६८.

इथे कॅल्क्युलेटर फसवतो. १४१६६७ ला ३३१ ने भागा. पडद्यावर ४२७.९९६९… दिसतं. घाईत ते ४२८ वाचलं जातं आणि "भाग गेला" असं लिहिलं जातं. प्रत्यक्षात ३३१ × ४२८ = १४१६६८, एकाने जास्त. धुळ्याचंही तसंच: ४२४००१ ला ५३ ने भागलं की ८०००.०१८… येतं, कारण ५३ × ८००० = ४,२४,०००. एकच बाकी उरते, पण उरते.

नियम: दशांश चिन्हापुढे काहीही दिसलं की भाग गेलेला नाही. शंका आली तर उलट गुणाकार करा आणि एकक स्थान बघा. १ आणि ८ चा गुणाकार ८ वर संपतो, आपली संख्या ७ वर. तिथेच खोटं उघडं पडतं.

परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, तिथे शून्य पाडायची युक्ती कामाची आहे. भाजकाची अशी पट मिळवा किंवा वजा करा की शेवटी शून्य येईल, मग ते शून्य टाकून द्या. ४२४००१ ला १७ लावायचा आहे:

४२४००१ − ५१ = ४२३९५०, शून्य टाकून ४२३९५.
४२३९५ + ८५ = ४२४८०, टाकून ४२४८.
४२४८ − ६८ = ४१८०, टाकून ४१८.
४१८ − ६८ = ३५०, टाकून ३५.
३५ ला १७ ने भाग जात नाही, म्हणजे ४२४००१ लाही नाही.

सावधान: या युक्तीने भाग जातो की नाही एवढंच कळतं. शेवटी उरलेली बाकी ही सुरुवातीच्या संख्येची बाकी नसते. २ आणि ५ साठी ही युक्ती वापरायची नाही.

जळगावच्या ६८ भागाकारांत एकही नि:शेष जात नाही. म्हणून १४१६६७ मूळ, आणि ४२५००१ = ३ × १४१६६७. धुळ्याच्या संख्येला ६४७ पर्यंतच्या ११८ मूळ संख्या लागतात. सहा आधीच बाद झाल्या, उरलेल्या ११२ पैकी एकीनेही भाग जात नाही. ४२४००१ स्वतःच मूळ आहे. प्रत्येक भाजकापुढे बाकी लिहून ठेवा. नुसती बरोबरची खूण केली तर कोणता भाजक राहिला ते नंतर शोधता येत नाही.

काही जण २ चा, संख्येपेक्षा एकाने कमी असलेला घात घेऊन, त्याला त्या संख्येने भागल्यावर बाकी १ येते का ते बघतात आणि त्यावरून संख्या मूळ ठरवतात. बाकी १ आली नाही तर (२ सोडून) संख्या मूळ नाही, हे पक्कं. पण बाकी १ आली म्हणून मूळ, असं ठरत नाही. २ च्या ३४० व्या घाताला ३४१ ने भागलं तर बाकी १ च येते, आणि ३४१ म्हणजे ११ × ३१.

टप्पा ५: ताळा दोनदा करा

अवयवांचा पूर्ण गुणाकार करून बघणं सगळ्यांत खात्रीचं. वेळ नसेल तर नवाचा ताळा करा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

भुसावळचे अवयव ७, १९, २३, १३९. त्यांच्या अंकबेरजा ७, १, ५, ४. गुणाकार करत अंकबेरीज घेत गेलो: ७ × १ = ७; ७ × ५ = ३५, म्हणजे ८; ८ × ४ = ३२, म्हणजे ५. संख्येची अंकबेरीज १४, म्हणजे ५. जुळलं.

आता समजा उतरवताना १३९ चे १९३ झाले. अंकबेरीज तीच, ताळा तरीही जुळतो. अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला दिसत नाही. म्हणून ११ चा ताळा जोडीला हवा. ११ ने भागल्यावर बाक्या: ७, ८, १, ७. गुणाकार ३९२, ११ ने बाकी ७. संख्येची बाकीही ७. १९३ असते तर तिची बाकी ६, गुणाकार ३३६, बाकी ६. चूक लगेच दिसली असती.

टप्पा ६: अवयवांवरून गुणधर्म

नंदुरबारची संख्या घेऊ, कारण तिच्यात सगळ्यात जास्त माल आहे. घातांक: २ चा २, ३ चा ४, १३ चा १, १०१ चा १.

विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार: ३ × ५ × २ × २ = ६०. म्हणजे ४,२५,४१२ केळी सगळ्या खोक्यांत सारखी भरायची, एकही उरू द्यायचं नाही, तर खोक्यांच्या संख्येला ६० पर्याय आहेत. धुळ्याच्या ४,२४,००१ केळींना दोनच: सगळी एका खोक्यात, नाहीतर प्रत्येक खोक्यात एक. इथली नेहमीची चूक म्हणजे १ न मिळवता नुसत्या घातांकांचा गुणाकार. तसं केलं तर ८ येतात.

सम विभाजक किती, हा प्रश्न वारंवार येतो. आधी विषम मोजा: २ सोडून द्यायचा, ५ × २ × २ = २०. सम म्हणजे ६० − २० = ४०.

विभाजकांची बेरीज? प्रत्येक मूळ अवयवासाठी १ पासून सर्वांत मोठ्या घातापर्यंत बेरीज करा आणि त्या बेरजांचा गुणाकार घ्या: (१ + २ + ४) = ७; (१ + ३ + ९ + २७ + ८१) = १२१; (१ + १३) = १४; (१ + १०१) = १०२. गुणाकार १२,०९,५१६. यात ती संख्या स्वतःही धरलेली आहे. प्रश्नात "स्वतःला सोडून" असं असेल तर ४,२५,४१२ वजा करायचे, ७,८४,१०४ उरतात. प्रश्न वाचताना या दोन शब्दांखाली रेघ मारा.

सहमूळ किती? १ पासून ४,२५,४१२ पर्यंत तिच्याशी सहमूळ असणाऱ्या (१ सोडून समाईक विभाजक नसलेल्या) संख्या काढायला प्रत्येक वेगळा मूळ अवयव एकदाच वापरायचा. आधी भागा, मग गुणा, म्हणजे आकडे आटोक्यात राहतात: २ ने भागून २,१२,७०६, ३ ने भागून २ ने गुणा, १,४१,८०४, १३ ने भागून १२ ने गुणा, १,३०,८९६, १०१ ने भागून १०० ने गुणा, १,२९,६००. मजा म्हणजे हा ३६० चा पूर्ण वर्ग आहे. ३ चार वेळा आहे म्हणून चार वेळा भागणं ही इथली ठरलेली चूक.

पूर्ण वर्ग करायला कितीने गुणावं? विषम घातांक असलेले अवयव बघा: १३ आणि १०१. त्यांचा गुणाकार १३१३. तेवढ्याने गुणलं की २३६३४ चा वर्ग मिळतो, आणि तेवढ्याने भागलं की ३२४, म्हणजे १८ चा वर्ग.

आणखी एक, तपासायला सोपं: अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भाग जातो, भागाकार पुन्हा २३६३४. स्वतःच्या अंकबेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी हर्षद संख्या असं नाव दिलं.

उरलेल्या चौघांची उत्तरं, ताळा करून बघण्यासाठी:

भुसावळ: विभाजक १६, बेरीज ५,३७,६००, सहमूळ ३,२७,८८८.
चाळीसगाव: विभाजक ८, बेरीज ५,६८,४८०, सहमूळ २,८१,२३२.
जळगाव: विभाजक ४, बेरीज ५,६६,६७२, सहमूळ २,८३,३३२.
धुळे: विभाजक २, बेरीज ४,२४,००२, सहमूळ ४,२४,०००.

टप्पा ७: दोन संख्यांचा मसावि आणि लसावि

मसाविसाठी आधी वजाबाकी करा. दोन्ही संख्यांना भागणारी संख्या त्यांच्या वजाबाकीलाही भागते. नंदुरबार आणि भुसावळ: ४२५४१२ − ४२५२०१ = २११. २११ मूळ आहे आणि ती ४२५२०१ ला भागत नाही (बाकी ३६). म्हणून मसावि १. अवयव न पाडताच दोन्ही सहमूळ ठरल्या.

नंदुरबार आणि चाळीसगाव यांच्यात समाईक फक्त ३, आणि तोही एकदाच, कारण चाळीसगावात ३ एकदाच आहे. मसावि ३. लसावि काढताना दोन्ही मोठ्या संख्यांचा आधी गुणाकार करू नका. चाळीसगावला ३ ने भागून १४१३६७ घ्या आणि नंदुरबारला त्याने गुणा: ६०,१३,९२,१८,२०४.

दहा अंकांपुढे

हा लसावि अकरा अंकी आहे. दहाच अंक दाखवणारा कॅल्क्युलेटर शेवटचे अंक गिळतो, आणि विभाज्यतेत शेवटचा अंक गेला की सगळं गेलं. एक्सेलसारख्या तक्त्यात १५ अंकांपर्यंत भरवसा ठेवता येतो. सोळाव्या अंकापासून तिथे शून्य बसतं. पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही लांब असला तरी तंतोतंत राहतो, पण भागाकाराच्या साध्या तिरप्या रेघेने दशांश उत्तर येतं आणि मोठ्या संख्येत तेही गोलाकार होतं. तिथे बाकी काढण्यासाठी टक्क्याचं चिन्ह आणि भागाकारासाठी दोन तिरप्या रेघा वापरा.

दहा अंकी संख्येची मर्यादा १ लाखाच्या आसपास जाते, आणि १ लाखापर्यंत ९,५९२ मूळ संख्या आहेत. ते हाताचं काम नाही. पण लहान मूळ संख्यांची चाळणी, वर्गांच्या वजाबाकीचे चार-पाच प्रयत्न आणि दोन ताळे तिथेही याच क्रमाने करायचे.

सरावासाठी

अमळनेरचा ४२५४०१ घ्या. मर्यादा ६५२. ४२५ − ४०१ = २४, म्हणून ७, ११, १३ तिन्ही बाद. १७ ला बाकी १०, १९ ला बाकी १०, २३ ला बाकी १६. २९ ने भाग जातो आणि १४६६९ उरते. २९ पुन्हा लावा, बाकी २४. नवी मर्यादा १२१, म्हणजे ३१ पासून ११३ पर्यंतच्या वीस मूळ संख्या तपासायच्या आहेत. ४७ ला बाकी ५ आणि ९७ ला बाकी २२ आली तर भागाकार नीट चालले आहेत. विसावा भागाकार ११३ चा, त्याची बाकी ९२.